वेगवेगळे मेश केलेले शेल भाग कसे जोडायचे: रसाच्या टाकीचं उदाहरण घेऊन

सॉल्व्हर (मॉडेलचं गणित सोडवणारा प्रोग्राम) कुठंही न अडखळता संपला, रंगीत चित्र आलं, कमाल ताण मर्यादेत दिसला. तरीही मॉडेलमधले दोन पत्रे एकमेकांना नीट जोडलेलेच नव्हते, असं होऊ शकतं. शेल मॉडेलमध्ये, म्हणजे पत्र्याऐवजी जाडी दिलेला नुसता पृष्ठभाग धरतो तिथं, तर हे सर्रास होतं, आणि नवखा माणूस त्यात फसतो कारण सॉफ्टवेअर चूक दाखवतच नाही. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे: सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा एखाद्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडून कुपवाड, मिरज, साताऱ्याच्या एमआयडीसीत एफईएचं (फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे भाग लहान तुकड्यांत वाटून ताण काढण्याचं) काम नुकतंच हातात घेतलेल्यांसाठी.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. साखर कारखान्याची उसाच्या रसाची एक उघडी टाकी. गोल भिंत, त्रिज्या १००० मिमी, पत्रा ६ मिमी. खाली शंकूसारखा तळ, उंची १००० मिमी, पत्रा ८ मिमी. भिंतीवर १० मिमीच्या चार पॅड प्लेट (बळकटीचे जादा पत्रे), प्रत्येक पॅडवर १२ मिमीच्या गसेट (काटकोनात उभे आधारपत्रे), आणि त्यांच्यावर टाकीचं सगळं वजन. भिंतीच्या बाजूला एक छोटा नोझल (पाइप जोडायचं तोंड). टाकी भिंतीत ३ मीटर उंचीपर्यंत भरते असं धरू. रसाऐवजी पाण्याची घनता घेऊ, म्हणजे हातानं पडताळायला सोपं जाईल.

हे भाग बहुतेक वेळा वेगवेगळे मेश होऊन येतात, म्हणजे छोट्या तुकड्यांत (एलिमेंट) आणि त्यांच्या कोपऱ्यांवरच्या बिंदूंत (नोड) वाटलेले. भिंतीचं मॉडेल जुनं असतं, तळ दुसऱ्यानं केलेला असतो, आणि पॅड-गसेट शेवटच्या दिवशी ड्रॉइंग बदलल्यावर आलेले असतात. ऑफ सीझनच्या दुरुस्तीची घाई असेल तर कुणी म्हणणारच, ‘सगळं परत मेश कशाला करताय, टाय मारा आणि चालवा.’ टाय म्हणजे दोन वेगळे मेश समीकरणांनी बांधणं. मारता येतो. कुठं मारायचा आणि मारल्यावर काय तपासायचं, तेवढं कळायला हवं.

पहिली पायरी: मेशला हात लावण्याआधी कागद

शेलच्या प्रत्येक नोडला सहा हालचाली असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. घन (भरीव, त्रिमितीय) एलिमेंटच्या नोडला फक्त पहिल्या तीन. जोडणीचा सगळा गोंधळ या फरकातून निघतो. दोन पत्र्यांच्या कडा एकत्र आणून फक्त सरकणं जोडलं आणि फिरणं मोकळं सोडलं, तर तिथं वेल्ड नाही, बिजागरी तयार होते. बल पलीकडे जातं, बेंडिंग मोमेंट (वाकवणारा परिणाम) जात नाही.

म्हणून आधी टाकीचं साधं चित्र काढा आणि प्रत्येक सांध्यापुढं लिहा, इथून काय जायला हवं. भिंत आणि शंकू: पूर्ण वेल्ड, सहाही गोष्टी जायला हव्यात. पॅड आणि भिंत: पॅडच्या चारी कडांना फिलेट वेल्ड (कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी वेल्ड), मध्ये नुसता टेकलेला पत्रा. गसेट आणि पॅड: दोन्ही बाजूंनी फिलेट, सहाही. वरच्या कडेला अँगलची रिंग असेल आणि ती ५० मिमी वेल्ड, १०० मिमी मोकळी अशी तुटक जोडली असेल, तर पूर्ण कड जोडणं हेच खोटं ठरेल. ड्रॉइंगवर वेल्डची खूण दिसत नसेल तर फॅब्रिकेटरला फोन करा. शॉपमध्ये प्रत्यक्षात काय मारतात आणि ड्रॉइंगवर काय असतं, यात अंतर असतं.

याच कागदावर मिड-सरफेसचा हिशेबही करा. शेल म्हणजे जाडीच्या मधोमध असलेला पृष्ठभाग, त्यामुळे खरे पत्रे चिकटलेले असले तरी त्यांच्या मिड-सरफेसमध्ये फट राहते. ६ मिमीच्या भिंतीवर १० मिमीचं पॅड: फट ३ अधिक ५, म्हणजे ८ मिमी. पॅडच्या तोंडावर थांबणारा गसेट: पॅडच्या अर्ध्या जाडीइतकी, ५ मिमी. भिंत आणि शंकूचे आतले पृष्ठभाग जुळवले असतील तर ८ आणि ६ च्या फरकाचा अर्धा, म्हणजे साधारण १ मिमी. हे आकडे पुढं प्रत्येक टॉलरन्स (जोडायला चालणारं कमाल अंतर) ठरवताना लागतील.

गसेटची ५ मिमी फट मी नेहमी भूमितीतच मिटवतो. गसेट ५ मिमी लांब करून पॅडच्या मिड-सरफेसपर्यंत नेतो. वजनात नगण्य फरक पडतो आणि पुढची डोकेदुखी जाते. भिंत-शंकूतली १ मिमी फटही दोन्ही मिड-सरफेस एकाच त्रिज्येवर आणून बंद करावी. असल्या टाकीत १ मिमीनं आभाळ कोसळत नाही. पॅडची ८ मिमी फट मात्र ठेवायची, कारण तिथं खरोखर दोन पत्रे एकावर एक आहेत.

दुसरी पायरी: भूमितीत जोडता येतं का, ते आधी बघा

सर्वांत भक्कम जोडणी म्हणजे सामायिक नोड. सांध्याच्या रेषेवर एकच नोड, आणि दोन्ही बाजूंचे एलिमेंट त्यालाच धरलेले. तिथं टॉलरन्स नाही, टायमधल्यासारखं मास्टर-स्लेव्ह नाही, सहाही हालचाली आपोआप एक. त्यासाठी मेश करण्याआधी भूमितीत दोन पृष्ठभागांना एकच सामायिक कड द्यावी लागते. फ्रीकॅडमध्ये ‘बूलियन फ्रॅगमेंट्स’, जीमेशमध्ये त्याच नावाची क्रिया, सॅलोममध्ये ‘पार्टिशन’, एन्सिसच्या भूमिती साधनांत ‘शेअर टोपोलॉजी’. नावं वेगळी, काम एकच. पृष्ठभाग एकमेकांना जिथं छेदतात तिथं ते कापले जातात आणि कापलेली कड दोघांची होते. मग मेश करणाऱ्याला त्या कडेवर दोन वेगळ्या नोडरांगा टाकताच येत नाहीत.

इथं एक व्यावहारिक त्रास आहे. पार्टिशन केल्यावर पृष्ठभागांचे क्रमांक बदलतात, आणि आधी केलेले ग्रुप (जाडीचे, दाबाचे, आधाराचे) हवेत लटकतात. म्हणून आधी पार्टिशन, नंतर ग्रुप. उलट क्रमानं केलं तर शंकूला भिंतीची जाडी लागून बसते आणि ते चित्रात दिसतही नाही.

टाकीत भिंत-शंकू, गसेट-पॅड आणि नोझल-भिंत हे तिन्ही सांधे या पद्धतीनंच करा. मेश परत करायला अर्धा तास जास्त लागला तर लागू द्या. कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर वापरणाऱ्यांनी तर याच वाटेनं जावं. तो शेलला आतल्या आत जाडी देऊन घन एलिमेंट बनवतो, आणि कोनात मिळणाऱ्या पत्र्यांच्या सामायिक नोडवर स्वतःच ताठर गाठ बांधतो. कडेला कड टाय करत बसण्यापेक्षा हे बरं.

तिसरी पायरी: भूमिती हातात नसेल तर नोड मर्ज

कधी कधी भूमिती मिळतच नाही, फक्त मेशची फाइल मिळते. अशा वेळी दोन्ही मेशचे नोड सांध्यावर एकमेकांवर पडत असतील तर ते मर्ज करता येतात. एका ठरावीक अंतराच्या आतले दोन नोड एक मानले जातात. कुठं याला ‘इक्विव्हलन्स’ म्हणतात, कुठं ‘मर्ज’, कुठं ‘डुप्लिकेट नोड काढा’.

सगळी अक्कल त्या अंतरात आहे. सरळ कडेवर नोडांची संख्या सारखी असेल तर ०.०१ मिमीही पुरतं. गोल कडेवर गोष्ट वेगळी. मेशमधलं वर्तुळ हे वर्तुळ नसतं, सरळ तुकड्यांचा बहुभुज असतो. प्रत्येक तुकडा खऱ्या वर्तुळापासून किती आत जातो, ते काढायला सोपं आहे: तुकड्याच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. आपल्या भिंतीवर ५० मिमीचे एलिमेंट असतील तर २५०० भागिले ८०००, म्हणजे ०.३१ मिमी. २५ मिमीचे असतील तर ०.०८ मिमी. पण ५० मिमी त्रिज्येच्या नोझलवर २० मिमीचे एलिमेंट टाकले तर ४०० भागिले ४००, पुरता १ मिमी.

वरच्या हिशेबावरून दोन गोष्टी लक्षात येतात. भिंतीला ४० आणि शंकूला ५५ मिमीचे एलिमेंट असतील तर परिघावर नोडांची संख्याच वेगळी असते, आणि मर्ज फक्त योगायोगानं जवळ आलेले नोड जोडतो. बाकीची कड उघडी राहते. चित्रात ती बंद दिसते, कारण फट एखाद्या मिमीहून कमी असते. अशा कडेवर मर्ज वापरूच नका, ते टायचं काम आहे. दुसरी गोष्ट: टॉलरन्स वाढवून प्रश्न सोडवायचा मोह होतो. तो फटीपेक्षा मोठा पण सर्वांत लहान एलिमेंटच्या कडेच्या दहाव्या भागापेक्षा लहान ठेवा. त्याहून वाढवला की एकाच एलिमेंटचे दोन नोड एकमेकांत जातात आणि चौकोनाचा त्रिकोण होतो, किंवा एलिमेंटच नाहीसा होतो. आणखी एक बघा: नुसते टेकणारे, वेल्ड नसलेले भागही जवळ असतील तर तेही मर्जमध्ये चिकटतात. म्हणून सगळ्या मॉडेलवर एकदम मर्ज चालवायचा नाही. सांध्याच्या दोन कडा निवडायच्या आणि तेवढ्यावरच.

मर्जनंतर मोकळ्या कडा दाखवायला सांगा. प्रत्येक प्री-प्रोसेसरमध्ये (मॉडेल तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ही सोय असते. आपल्या टाकीत मोकळी कड दिसायला हवी ती भिंतीच्या वरच्या काठावर, पॅडच्या परिघावर, गसेटच्या बाहेरच्या बाजूंना, आणि नोझलच्या तोंडावर. भिंत-शंकूच्या रेषेवर एक तुकडाही रंगला तर तिथं उसवलेलं आहे.

चौथी पायरी: टाय

आता पॅड. ते भिंतीपासून ८ मिमी दूर आहे, त्याचा मेश वेगळा आहे, नोड जुळत नाहीत, आणि जुळवायची गरजही नाही. टाय याचसाठी आहे. एका बाजूचा प्रत्येक नोड दुसऱ्या बाजूच्या जवळच्या एलिमेंटवर प्रक्षेपित होतो आणि त्याची हालचाल त्या एलिमेंटच्या नोडांच्या हालचालीतून समीकरणानं ठरते. समीकरणानं बांधलेली बाजू स्लेव्ह, जिच्यावरून ठरते ती मास्टर. नवीन आवृत्त्यांत ‘मेन’ आणि ‘सेकंडरी’ अशी नावं दिसतील.

मास्टर कोण करायचा? जाड मेशचा किंवा जास्त ताठर भाग मास्टर, बारीक मेशचा स्लेव्ह. उलट केलं तर जाड मेशचे मोजके स्लेव्ह नोड बारीक मेशवर मध्ये मध्ये टेकतात आणि त्यांच्यामधले मास्टर नोड मोकळे सुटतात. ताणाच्या चित्रात मग सांध्यावर ठिपक्यांची माळ दिसते. आपल्या टाकीत भिंत मास्टर, आणि तिच्याहून बारीक मेश केलेलं पॅड स्लेव्ह.

पॅड कशानं बांधायचं, पूर्ण पृष्ठभागानं की कडांनी? पूर्ण पृष्ठभाग टाय करणं सोपं, आणि बहुतेक जण तेच करतात. पण मग भिंत आणि पॅड मिळून एक जाड पत्रा असल्यासारखे वागतात, वेल्ड मात्र फक्त कडेला आहे. मी पॅडच्या कडेचे नोड स्लेव्ह घेतो आणि मध्यभाग सोडतो. वरच्या भागात भिंत पॅडपासून सुटते की त्यात घुसते ते पाहतो. घुसत असेल तर तिथं साधा संपर्क द्यावा लागतो आणि विश्लेषण नॉनलिनिअर होतं. पहिल्या फेरीत ते टाळलं तरी चालतं, पण टाळलंय हे रिपोर्टमध्ये लिहा.

टॉलरन्स फटीपेक्षा थोडा मोठा द्या. इथं ९ किंवा १० मिमी. ८ पेक्षा कमी दिला तर सगळेच्या सगळे नोड गळू शकतात आणि सॉफ्टवेअर फार तर एक इशारा छापतं. तो इशारा असलेली फाइल उघडून वाचणं ही सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या. किती स्लेव्ह नोड जोडले गेले आणि किती सुटले, हा आकडा प्रत्येक टायसाठी पाहायचा.

त्यानंतर दोन खुणा तपासा, आणि सगळा लेख विसरलात तरी या विसरू नका.

पहिली: ‘नोड जागेवर आणा’ प्रकारची सोय. अ‍ॅबॅकसमध्ये ती मुळातच चालू असते. चालू राहिली तर सॉफ्टवेअर पॅडचे कडेचे नोड भिंतीकडे ओढून नेतं. पॅडचा पत्रा कडेला मुडपला जातो, आणि तुम्हाला हवी असलेली ८ मिमीची विकेंद्रता (दोन मिड-सरफेसमधलं अंतर) बिघडते. पॅडसाठी ती बंद करा.

दुसरी: फिरणं जोडलंय का. अ‍ॅबॅकसचा टाय दोन्ही बाजूंना शेल असतील तर मुळात फिरणंही जोडतो, पण तिथं एक चौकट आहे आणि ती कुणीतरी काढून ठेवलेली असू शकते. कोड अ‍ॅस्टरमध्ये उलट. तिथल्या ‘लायझन-मेल’ जोडणीला प्रकार सांगितला नाही तर ती घन भागांचा प्रकार धरते, म्हणजे फक्त सरकणं जोडते. शेलसाठी शेलचा प्रकार स्वतः लिहावा लागतो. सॅलोम-मेका शिकणारे पुष्कळ जण इथंच अडकतात, कारण गणित व्यवस्थित पूर्ण होतं आणि उत्तरही येतं. एन्सिसमध्ये शेलच्या कडा बाँडेड संपर्कानं जोडत असाल तर एमपीसी पद्धत (समीकरणांनी बांधणारी) निवडा. पेनल्टी पद्धतीत दोन भागांमध्ये खूप ताठर स्प्रिंग असल्यासारखं होतं. ताठरपणा कमी पडला तर सांधा उघडतो, फार वाढवला तर गणित बिघडतं.

नॅस्ट्रान वापरणाऱ्यांना आरबीई-२ आणि आरबीई-३ ही नोड बांधायची दोन हत्यारं माहीत असतात. पहिलं ताठर आहे, जोडलेले नोड एकमेकांच्या तुलनेत हलूच शकत नाहीत. दुसरं बल वाटून देतं, पण स्वतः ताठरपणा घालत नाही. भिंतीचा संपूर्ण गोल काठ आरबीई-२ नं बांधला तर काठ लंबगोल व्हायचाच थांबतो, आणि टाकी कागदावर फार मजबूत होते. बोल्टच्या भोकासाठी ठीक, वेल्डच्या रेषेसाठी नको.

टायचा एक नियम राहिला: एक नोड दोन ठिकाणी स्लेव्ह होऊ देऊ नका, आणि स्लेव्ह नोडवर आधारही देऊ नका. पॅडचा कोपरा भिंतीलाही टाय आणि गसेटलाही टाय असं झालं की एकाच नोडवर दोन समीकरणं भांडतात. सॉफ्टवेअर एक टाकून देतं किंवा थांबतं. म्हणूनच वर गसेट-पॅड सांधा सामायिक नोडनं केला, आणि टाय फक्त पॅड-भिंतीला ठेवला.

पाचवी पायरी: आधी छोटी पट्टी

टाकीवर थेट प्रयोग करायचा नाही. आधी हे करा. ४०० मिमी लांब, १०० मिमी रुंद, ६ मिमी जाड पट्टी घ्या आणि मधोमध दोन तुकडे करा. एकाला १० मिमीचा मेश, दुसऱ्याला ७ मिमीचा. एक टोक घट्ट धरा, दुसऱ्या टोकावर पट्टीच्या पृष्ठभागाला काटकोनात एकूण ५० न्यूटन. दोन्ही तुकडे तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या ज्या पद्धतीनं टाकीत जोडणार आहात, त्याच पद्धतीनं जोडा.

हाताचं उत्तर: स्टीलचा स्थितिस्थापकत्व गुणांक २,००,००० मेगापास्कल धरला, तर टोकाची खाली येणारी हालचाल २.९६ मिमी, बुडख्याशी ताण ३३.३ मेगापास्कल, आणि मधल्या सांध्यावर १६.७ मेगापास्कल. शेलचं उत्तर यापेक्षा किंचित कमी येईल, कारण घट्ट धरलेल्या टोकाला पट्टी आडवी आकसू-फुगू शकत नाही. २.९ च्या आसपास आलं की समाधान माना. फिरणं जोडलेलं नसेल तर पुढचा अर्धा भाग बिजागरीवर लोंबतो. सॉल्व्हर शून्य पिव्हट (समीकरण सुटत नसल्याची खूण) म्हणून ओरडेल किंवा किलोमीटरमध्ये हालचाल सांगेल. हे बरंच झालं म्हणायचं, कारण निदान कळतं तरी.

आता खरी गोम. पट्टीचा सांधा सरळ रेषेत होता म्हणून सॉल्व्हर ओरडला. टाकीत भिंत-शंकूचा सांधा गोल आहे. गोल रेषेभोवती संपूर्ण शंकू बिजागरीसारखा फिरू शकत नाही, त्याचा आकारच त्याला अडवतो. त्यामुळे तिथं फिरणं मोकळं राहिलं तरी गणित सुरळीत संपतं, हालचाली लहान येतात, चित्र देखणं येतं. फक्त सांध्यावरचा बेंडिंग मोमेंट शून्य झालेला असतो. आणि अशा टाकीत भिंत आणि शंकू जिथं दिशा बदलतात तिथला मोमेंटच डिझाइन ठरवत असतो. बंद पेटीसारखे भाग, चौकोनी हॉपर, नोझल, सगळीकडे हीच कथा. म्हणून छोटी पट्टी पास झाल्याशिवाय ती जोडणीची पद्धत मोठ्या मॉडेलमध्ये नेऊ नका.

सहावी पायरी: टाकीवरच्या परीक्षा

पहिली परीक्षा मोकळ्या कंपनांची. सगळे आधार काढा आणि पहिल्या दहा-बारा नैसर्गिक वारंवारिता काढा. जवळपास शून्य वारंवारितेच्या बरोबर सहा मिळायला हव्यात: संपूर्ण टाकीचं तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. बारा आल्या तर एक भाग सुटा आहे. सात आल्या तर कुठंतरी एक सरळ बिजागरी आहे. सहापेक्षा कमी आल्या तर जोडणी मॉडेलला अदृश्य हातानं धरून ठेवतेय. फट असलेल्या ठिकाणी फक्त सरकणं टाय केलं की हे होतं, कारण भाग फिरला तर फटीच्या टोकांना वेगवेगळं सरकावं लागतं आणि टाय ते नाकारतो. आकार पडद्यावर हलवून पाहा, कोणता भाग एकटाच नाचतोय ते लगेच दिसतं. गोल सांध्यातली बिजागरी मात्र ही परीक्षा पकडत नाही.

दुसरी परीक्षा वजनाची. आधार परत लावा, पाण्याचा दाब द्या, पत्र्याचं स्वतःचं वजन तूर्त बंद. भिंतीतलं पाणी ९.४२ घनमीटर, शंकूतलं १.०५, एकूण १०.४७ घनमीटर. आधारांवरच्या उभ्या बलांची बेरीज १०२.७ किलोन्यूटन यायला हवी. मेशचा बहुभुज वर्तुळाच्या आत असल्यानं टक्क्याच्या अंशानं कमी येईल, तेवढं चालतं. या परीक्षेत आणखी एक गोष्ट फुकटात तपासली जाते. भिंत उभी असल्यानं तिच्यावरचा दाब उभं बल देत नाही. सगळं उभं बल शंकूवरून येतं. शंकूच्या एलिमेंटचे नॉर्मल (पृष्ठभागाला काटकोनातली दिशा) उलटे असतील तर चिन्ह उलटं येईल, काहीच उलटे असतील तर बेरीज कमी पडेल. वेगवेगळे मेश केलेले भाग एकत्र आले की नॉर्मल उलटसुलट असणं हे ठरलेलंच. जोडण्याआधी सगळे एका बाजूला वळवा.

तिसरी परीक्षा सांध्यापासून दूर. भिंत-शंकूच्या रेषेच्या ५०० मिमी वर, दोन पॅडच्या मधोमध, परिघाच्या दिशेचा ताण वाचा. तिथं पाणी अडीच मीटर, दाब ०.०२४५ मेगापास्कल, गुणिले त्रिज्या भागिले जाडी: ४.१ मेगापास्कल. पॅड जवळ असतील तर त्यांचा परिणाम मिसळतो, म्हणून ही तपासणी पॅडविना केलेल्या मॉडेलवर आधी करावी.

चौथी परीक्षा गोल सांध्यासाठी, आणि हीच वरच्या गोमेवरचा इलाज. भिंतीच्या वरून शंकूच्या खालपर्यंत एक उभी रेषा घ्या आणि तिच्यावर उभ्या दिशेचा बेंडिंग मोमेंट काढा. सांध्यावर तो दोन्ही बाजूंनी जुळायला हवा आणि शून्य नसायला हवा. दोन्ही बाजूंनी उतरत येऊन बरोबर सांध्यावर शून्य होत असेल तर बिजागरी सापडली. पण हे दिसायला मेश बारीक हवा. नळकांड्यात कडेचा मोमेंट किती अंतरात विरतो याचा अंदाज त्रिज्या गुणिले जाडीच्या वर्गमुळावरून येतो: इथं ६००० चं वर्गमूळ, सुमारे ७७ मिमी. ५० मिमीचे एलिमेंट असतील तर त्यात दीड एलिमेंट मावतो आणि मोमेंटचं शिखर दिसतच नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १०० मिमीपर्यंत १० ते १५ मिमीचे एलिमेंट ठेवा, पुढं हळूहळू मोठे होऊ द्या.

ताण वाचताना

टायच्या रेषेला लागून असलेल्या पहिल्या एलिमेंटचा ताण प्रमाण मानू नका. तिथली समीकरणं बल टप्प्याटप्प्यानं देतात, त्यामुळे ताण वरखाली होतो. एक-दोन एलिमेंट सोडून वाचा. थकव्याचा हिशेब असेल तर वेल्डच्या पायथ्यापासून जाडीच्या ०.४ पट आणि १.० पट अंतरावरचे ताण घेऊन सरळ रेषेनं पायथ्यापर्यंत नेण्याची आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेची पद्धत आहे. तिला त्या अंतरांना जुळणारा बारीक मेश लागतो.

सामायिक नोडवर मात्र सॉफ्टवेअरनं काढलेल्या सरासरीपासून जपून राहा. गसेट-पॅड सांध्यावर वेगळ्या जाडीचे, वेगळ्या दिशेचे पत्रे एका नोडला मिळतात. तिथं सरासरी ताण म्हणजे तीन वेगळ्या माणसांच्या वजनाची सरासरी काढून एकाला ती सांगण्यासारखं आहे. सरासरी भागागणिक वेगळी करा, आणि वरचा व खालचा पृष्ठभाग वेगवेगळे पाहा.

आणि वेल्ड. सामायिक नोड किंवा टाय म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी पत्र्याइतकाच मजबूत, न तुटणारा सांधा. खरा फिलेट वेल्ड तसा नसतो. म्हणून सांध्याच्या रेषेवरची नोडबलं काढा, ती लांबीनं भागा, आणि वेल्ड हातानं तपासा. समजा गसेटच्या मुळाशी मिमीमागं २०० न्यूटन आलं आणि वेल्डचा पाय ६ मिमी आहे. गळा (वेल्डची सर्वांत कमी जाडी) त्याच्या ०.७ पट, ४.२ मिमी. एकाच बाजूनं वेल्ड असेल तर ४७.६ मेगापास्कल, दोन्ही बाजूंनी असेल तर निम्मे. गसेटच्या वरच्या टोकाला हा आकडा सरासरीच्या कितीतरी पट चढतो. तिथं वेल्ड टोकाला वळसा घालून संपवायला सांगा.

फॅब्रिकेटरकडे जाणाऱ्या कागदावर रंगीत चित्रं कमी आणि हे जास्त असू दे: कोणता सांधा, किती मिमीचा पाय, एका बाजूनं की दोन्ही, सलग की तुटक, आणि मॉडेलमध्ये तो कसा धरलाय. शॉपमधल्या सुपरवायझरनं पॅडच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला वेल्ड मोकळा सोडायचं ठरवलं, तर त्याच कागदावरून तुम्हाला कळेल की त्या कडेचा टाय काढून मॉडेल परत चालवायचंय.